घोड्याच्या पायाची पट्टी: थकवा काढायची वेगळी, गाडीच्या प्रवासाची वेगळी

दिवाळीच्या सुमारास अकलूजचा बाजार, मग दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, आणि तिकडे पुण्याचा रेसचा सीझन संपला की तिथले घोडे घाट उतरून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जातात, म्हणजे पावसाळा संपला की आपल्याकडे घोडे सतत गाडीत असतात. आणि याच दिवसांत सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, की पायाला पट्टी कशी बांधायची, कुठून सुरू करायची, घट्ट म्हणजे किती घट्ट. बरेच जण दुसऱ्याच्या घोड्याला बांधलेली बघतात आणि तशीच गुंडाळतात, बाहेरून तशीच दिसतेही, पण आत काय चाललंय ते पट्टी सोडल्यावरच कळतं आणि तोवर पायाला दोरखंडासारखा फुगवटा आलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं सांगायचं ते हे की चुकीची बांधलेली पट्टी ही न बांधलेल्या पट्टीपेक्षा वाईट असते. यात शंका ठेवू नका. हात बसलेला नसेल तर घाईच्या दिवशी, गाडी दारात उभी असताना पहिल्यांदा बांधून बघू नका, तसाच न्या घोडा. शिकायचं ते निवांत दिवशी, शांत घोड्यावर, आणि बांधल्यावर अर्ध्या तासाने सोडून पाय बघायचा.

का एवढं सांभाळायचं ते कळायला पाय समजून घ्यावा लागतो. घोड्याच्या गुडघ्याच्या खाली मांस नाहीच. पुढे नळीचं हाड, मागे नसा, म्हणजे डॉक्टर ज्याला टेंडन म्हणतात त्या दोन, एक वरची एक खोलातली, आणि त्या दोघींच्या पुढे हाडाला चिकटून सस्पेन्सरी लिगामेंट, म्हणजे खालच्या सांध्याला धरून ठेवणारा बंध, आणि या सगळ्यावर फक्त कातडी. आपल्या पोटरीवर दोरी बांधली तर मांस थोडं दबतं आणि सांभाळून घेतं, इथे सांभाळून घ्यायला काहीच नाही, जो दाब पडेल तो थेट नसेवर. पट्टीच्या एका वेढ्याने जरी जास्त ओढ घेतली तरी तिथे रक्तपुरवठा कमी होतो आणि नस सुजते, इंग्रजीत याला बँडेज बो म्हणतात, रेसकोर्सवरच्या कुठल्याही जुन्या सईसाला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, विचारा, नावानिशी घोडे सांगेल.

दुसरी गोष्ट, मांस नसल्यामुळे या भागातलं रक्त आणि पाणी वर ढकलायला चालण्याचीच मदत लागते. खूर जमिनीवर टेकतो, उचलतो, टेकतो, त्यातून रक्त वर जातं. घोडा रात्रभर तबेल्यात किंवा सहा तास ट्रकमध्ये उभा राहिला की खालचे पाय भरतात, मागचे जास्त. दाबलं तर खड्डा पडतो, घोडा लंगडत नाही, गरमही लागत नाही, आणि सकाळी थोडं फिरवलं की उतरतं. अशा भरलेल्या पायाला पट्टीने फायदा होतो हे खरं, पण माझं मत विचाराल तर त्याच्यावरचं खरं औषध फिरवणं आहे. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास हाताने धरून चालवलं तर निम्म्या घोड्यांना पट्टीची गरजच पडत नाही.

आता पट्टीने काय होत नाही ते पण सांगतो. "नसेला आधार मिळतो" असं सगळे म्हणतात. उभ्या घोड्याला सूज कमी ठेवायला, मार लागू नये म्हणून, जखम झाकायला, औषध जागेवर धरायला पट्टी कामाची आहे. पण चारशे-पाचशे किलोचं जनावर धावताना नसेवर जो ताण येतो तो कापडाच्या पट्टीने पेलला जाईल ही अपेक्षा चुकीची आहे. उलट पळताना नस आतून तापते, दौडीत नसेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांच्या आसपास जातं असं मोजून बघितलेलं आहे, आणि वरून जाड पट्टी असेल तर ती उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून काम झालं की आधी सोडा, गार करा, मग आरामाची, म्हणजे थकवा काढायची, पट्टी. कामाची पट्टी तशीच ठेवून घोडा बांधून टाकायचा नाही.

सामान

पट्टीपेक्षा पॅड महत्त्वाचं. लोक उलटं करतात, रंगीत पट्टीवर पैसे घालतात आणि आत पातळ फडकं. पॅड दाबल्यावर निदान इंचभर जाड हवं, सपाट हवं, आणि त्यात गाठ, शिवण, सुरकुती काही नको. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्याला साधारण पुढच्या पायाला १२ ते १४ इंच उंचीचं आणि मागच्याला १४ ते १६ इंच, कारण मागची नळी लांब असते. मारवाडी, काठियावाडीला थोडं कमी, भीमथडीसारख्या बुटक्या घोड्याला त्याहून कमी, त्यामुळे आकडे पाठ करू नका, टेप लावून मोजा: गुडघ्याच्या लगेच खालपासून टाचेच्या वरच्या सांध्याच्या, म्हणजे फेटलॉकच्या, थोडं खालपर्यंत.

रेसकोर्सवर गॅमजी वापरतात, कापसाचा जाड थर दोन्ही बाजूंनी जाळीच्या कापडात. बर्मिंगहॅमचे सर्जन जोसेफ सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० साली माणसांच्या जखमांसाठी काढलेली वस्तू, त्यांचं नावच तिला चिकटलं आणि आज ती तबेल्यातही आहे. चांगली असते पण धुऊन फार टिकत नाही. ज्यांना हे मिळत नाही त्यांनी घरी करावं, मी तर म्हणेन जुनी सुती गोधडी याला उत्तम, मऊ झालेली असते आणि टाके सपाट असतात. मापाने कापायची, कडा दुमडून न शिवता नुसत्या ओव्हरलॉक करून घ्यायच्या म्हणजे कडेला जाड शिवण येत नाही. फक्त आत कापूस भरलेली जाड रजई नको, धुतली की कापसाचे गोळे होतात आणि तो एकेक गोळा नसेवर दगडासारखा दाबतो. फोमची शीट पण आपल्या हवेत नको, पाय आत शिजतो.

वरची पट्टी पाच-सहा इंच रुंद आणि तीन-साडेतीन मीटर लांब, फ्लॅनेलची किंवा विणलेली, जी फार ताणली जात नाही अशी. मेडिकलमधलं १५ सेंटिमीटरचं क्रेप बँडेज पण लोक वापरतात, जाड पॅडवरून चालतं, पण ते ताणलं जातं त्यामुळे हाताला सवय नसेल तर नकळत आवळलं जातं. स्वतःलाच चिकटणारी रंगीत व्हेट रॅप असते ती तर अजिबात थेट कातडीवर नाही, आणि वापरायची असेल तर आधी रोलमधून थोडी मोकळी करून घ्यायची आणि मग गुंडाळायची. चार-सव्वाचार इंची लोकरी पोलो पट्टी कामाच्या वेळेची, ती रात्रभराच्या आरामासाठी नाही.

रोल करायची पद्धत: वेल्क्रोच्या टोकापासून सुरू करायचं, वेल्क्रो आतल्या बाजूला दुमडून, आणि घट्ट गुंडाळायचं. रोल सैल असेल तर बांधताना हातात ओढ सारखी राहत नाही.

बांधायच्या आधी

पाय स्वच्छ आणि पूर्ण कोरडा. हे दोन शब्द वाटतात साधे पण पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये पाय कोरडा करणं हेच अर्धं काम असतं. ओल्या पायावर पट्टी बांधली की फेटलॉकच्या मागच्या घडीत कातडी पांढरी पडते, भेगा पडतात, आपल्याला पावसाळ्यात चिखल्या होतात तसंच, आणि एकदा झालं की महिनाभर जात नाही. सुती पट्टी ओली बांधली तर वाळताना आणखी आवळते, ते वेगळंच.

मग हात फिरवा. दोन्ही पायांवर, वरून खाली, बोटं मागच्या नसेवरून. निरोगी पाय गार लागतो आणि नसा वेगवेगळ्या, कडक दोऱ्यांसारख्या बोटाला लागतात. कुठे गरम, कुठे फुगीर, कुठे दाबल्यावर घोडा पाय उचलतोय, हे बांधायच्या आधी माहीत पाहिजे, नाहीतर सकाळी सोडल्यावर सूज दिसली तर ती आधीची का पट्टीची हे सांगता येणार नाही. आणि हात फिरवतानाच गवताची काडी, मातीचा खडा, कुसळ काढून टाका. पॅडखाली एक कुसळ राहिलं तर रात्रभरात तिथे जखम होते, घोडा पट्टी चावायला लागतो आणि आपण म्हणतो याला पट्टी आवडत नाही.

घोडा सपाट जागी, चारी पायांवर वजन देऊन उभा. कोणीतरी धरायला हवं, घट्ट बांधून ठेवून एकट्याने नको. आणि तुम्ही बाजूला उकिडवे बसा, गुडघे टेकून किंवा मांडी घालून कधीच नाही, पटकन मागे सरकता आलं पाहिजे.

आरामाची पट्टी

डावा पुढचा पाय घ्या. पॅडची कड आतल्या बाजूला ठेवायची, नळीचं हाड आणि नस यांच्या मधल्या खोबणीत, नसेवर नाही आणि हाडाच्या पुढच्या कण्यावर पण नाही. तिथून पॅड पुढे, मग बाहेर, मग मागे, मग आत असं फिरवायचं. वरून बघितलं तर डाव्या पायाला घड्याळाच्या काट्यांच्या उलट आणि उजव्या पायाला काट्यांबरोबर. लक्षात ठेवायला सोपं: दोन्ही पायांना पुढून बाहेर, बाहेरून मागे, मागून आत. पॅड पायाला चिकटून बसलं पाहिजे, सैल पॅडवर घट्ट पट्टी बांधली तर पॅडला घडी पडते आणि ती घडी नसेत रुतते.

पट्टीचं टोक पॅडच्या बाहेरच्या कडेखाली खोचायचं, नळीच्या साधारण मध्यावर, आणि पॅड गेलंय त्याच दिशेने एक वेढा त्याच जागी घेऊन अडकवायचा. मग खाली उतरायचं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर. ओढ द्यायची ती पट्टी पुढे, हाडावरून जात असताना, बाहेर आणि मागच्या दिशेला. मागे नसेवरून जाताना ओढायचं नाही, नुसतं सपाट ठेवत न्यायचं, ढिलं पण सोडायचं नाही. सगळा खेळ इथे आहे. नवशिका माणूस मागे हात पोचला की रोल बदलताना नेमका झटका देतो आणि तो झटका नसेला बसतो, म्हणून हात बदलायचा तो बाजूला बदला, मागे नको.

खाली फेटलॉकला आलात की मागून सांध्याच्या खालून एक वेढा घेऊन त्याला झोळीसारखं धरायचं, पुढच्या बाजूला वेढे एकमेकांवर येऊन छान व्ही पडतो. पॅड खाली अर्धा ते एक इंच बाहेर दिसत राहिलं पाहिजे. मग त्याच ओढीने वर, गुडघ्याच्या खालपर्यंत, तिथेही पॅड अर्धा-एक इंच बाहेर. पट्टीची कड कातडीला लागली की दोरी बांधल्यासारखं होतं. वरून परत थोडं खाली येऊन बाहेरच्या बाजूला शेवट करायचा, पुढे हाडावर नाही, मागे नसेवर तर नाहीच. वेल्क्रो पट्टीच्या ओढीएवढाच, जास्त ताणून लावायचा नाही. वरून चिकटपट्टी लावणार असाल तर ती एका सलग गोल वेढ्यात आवळून नाही, तुकडे तिरपे लावा, कारण कापड थोडं सरकतं पण चिकटपट्टी अजिबात देत नाही.

घट्ट किती, तर वरच्या कडेला एक बोट जरा प्रयत्नाने आत जावं. दोन बोटं आरामात गेली तर सैल, घसरून खाली गोळा होईल. बोट शिरतच नसेल तर सोडा आणि परत बांधा. "थोडी घट्ट आहे, राहू दे" असं कधीच नाही. आणि फक्त वरच्या बोटावर विसंबू नका, पूर्ण पट्टीवरून तळहात फिरवा, सगळीकडे सारखी भरीव लागली पाहिजे, कुठे टणक कुठे पोकळ असं नको.

मागच्या पायालाही हेच, फक्त पॅड उंच आणि ढोपराच्या, म्हणजे हॉकच्या, खाली संपवायचं. आणि पट्टी जोडीने बांधायची. एका पायाला दुखणं असेल तर त्याच्या जोडीच्या चांगल्या पायालाही, कारण घोडा सगळा भार त्याच्यावर टाकून उभा राहतो आणि चार दिवसांनी तोच पाय भरतो.

रात्रभर, म्हणजे दहा-बारा तास, एवढं पुरे. सकाळी सोडायची, पाय बघायचा, फिरवायचा, गरज असेल तर संध्याकाळी परत. डॉक्टरांनी जखमेसाठी वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा, पण आपल्या मनाने दोन-दोन दिवस ठेवायची नाही.

सोडल्यावर केस बघा, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. चांगल्या पट्टीखाली केस सगळे एकाच दिशेने चोपून बसलेले असतात, विणीचा हलका ठसा सारखा उमटलेला. एखाद्या ठिकाणी आडवी रेघ खोल दिसली, केस उभे किंवा मुरगळलेले दिसले, तर त्या वेढ्याला ओढ जास्त होती. बोटाने ती रेघ चाचपा, गरम किंवा दुखरी लागली तर त्या दिवशी काम नाही, गार पाणी, आणि परत त्या पायाला पट्टी दुसऱ्या कोणीतरी अनुभवी माणसाने बांधावी.

गार पाणी, लेप आणि चोळायचं औषध

जोरदार काम झालं किंवा पाय थोडा मुरगळला असं वाटलं तर पट्टीच्या आधी गारवा. पाइपाने १५-२० मिनिटं, गुडघ्यापासून खाली, धार हलकी. बर्फ मिळाला तर बादलीत पाणी आणि बर्फ, २० मिनिटं, पण बर्फाचा तुकडा थेट कातडीवर घासत बसू नका. पहिले दोन-तीन दिवस हे दिवसातून दोन-तीनदा. मग पुसून, कोरडं करून पट्टी.

रेसकोर्सवर चिकणमातीचा तयार लेप लावतात, पाव-अर्धा इंच जाड, केसांच्या दिशेने, त्यावर भिजवलेला खाकी कागद, मग पॅड, मग पट्टी, आणि सकाळी धुऊन काढतात. सूज असेल तर बरं वाटतं घोड्याला. फाटलेल्या कातडीवर मात्र लेप नाही.

आणि आता ज्याची मला सगळ्यात काळजी वाटते ते. टर्पेंटाइनचं तेल, बाम, लिनिमेंट चोळून वर पट्टी बांधायची पद्धत खेडोपाडी सर्रास आहे. करू नका. उघड्या पायावर जे नुसतं गरम लागतं ते पट्टीखाली कोंडलं की कातडी भाजते, फोड येतात, केस जातात आणि नंतर तिथे पांढरे केस उगवतात. बाटलीवर पट्टीखाली चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाहीच. लग्नाच्या आणि नाचाच्या घोड्यांचं पण तसंच, घुंगराचे पट्टे उघड्या पायावर आवळून तासन्‌तास ठेवतात, मिरवणूक संपली की आधी ते सोडा, पाण्याने पाय गार करा, मग बाकीचं. डांबरी रस्त्यावर नाचलेल्या घोड्याला त्या रात्री चारी पायांना आरामाची पट्टी ही खरंच द्यायला हवी.

जखम असेल तर गोष्ट वेगळी. धुऊन, न चिकटणारं ड्रेसिंग, जाळीचं कापड, कापसाचा जाड थर, मग पट्टी, आणि रोज बघणं. हळद-तेलाचा लेप, शेण, राख काही नाही. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, इंजेक्शन कधी दिलं होतं ते आठवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. जखम सांध्याजवळ असेल आणि त्यातून पिवळसर चिकट पाणी येत असेल तर पट्टी बांधून उद्यावर ढकलायचं नाही, तासांचा प्रश्न असतो. पूर्ण पाय गरम, टम्म फुगलेला आणि घोडा पाय टेकत नाही, तरीही तेच, डॉक्टर.

गाडीतली पट्टी

इथे काम बदलतं. आरामाच्या पट्टीत सूज सांभाळायची असते, प्रवासात मार सांभाळायचा असतो, आणि मार लागतो तो नळीपेक्षा खाली: खुराच्या वरची कड, जिथून खूर वाढतो ती, आणि टाचेचे दोन मऊ गोळे. घोडा गाडीत तोल सांभाळताना स्वतःच्याच पायावर पाय देतो, शेजारचा देतो, ब्रेक लागला की मागचा पाय फाळक्यावर आपटतो. आरामाची पट्टी फेटलॉकपाशी संपते म्हणजे नेमका हा भाग उघडा. म्हणून ट्रकमध्ये घोड्याला नुसती आरामाची पट्टी बांधून पाठवणं हे अर्धंच काम आहे.

प्रवासाचं पॅड उंच घ्यायचं, गुडघ्याच्या खालपासून जवळजवळ जमिनीपर्यंत, मागे टाचेचे गोळे पूर्ण झाकून आणि पुढे खुराच्या वरच्या कडेवर येईल असं. पट्टीही लांब लागते, साडेतीन मीटर पुरत नाही. दिशा तीच, ओढीचा नियम तोच. फेटलॉकवरून खाली उतरताना वेढे तिरपे घ्यायचे, टाचेच्या मागून खाली आणि पुढून वर, दोन-तीनदा, म्हणजे पॅड खाली फडफडत नाही. पण पॅड एवढंही लांब नको की घोडा त्याच्यावरच पाय देईल. हे सगळं जमत नसेल तर आरामाची पट्टी आणि खाली खुरावर घंटेसारखा बसणारा रबराचा बेल बूट, दोन्ही मिळून काम होतं, आणि बांधायला चुकायची शक्यता कमी. तयार शिपिंग बूट, म्हणजे प्रवासाचे बूट, वेल्क्रोचे मिळतात, मला ते नवीन माणसासाठी सगळ्यात बरे वाटतात, फक्त पायाच्या मापाचे हवेत, सैल बूट गाडीत फिरतो आणि घोडा बिथरतो.

कुठलंही असो, घोड्याला आधी सवय करा. मागच्या पायाला पहिल्यांदा टाचेपर्यंत काही बांधलं की बरेच घोडे पाय झटकत, उंच उचलत चालतात, लाथ मारतात. हे गाडीच्या फळीवर व्हायला नको. आदल्या दिवसांत दोन-चार वेळा अंगणात बांधून फिरवा, त्याने मानलं की झालं. मानतच नसेल तर त्या घोड्याला न बांधता न्या आणि गाडीच्या आत जाड मॅट लावा.

आपल्याकडे उताराची रॅम्प असलेली घोड्याची गाडी मोजक्यांकडे, बाकी सगळे ट्रक, आयशर, पिकअप, आणि चढवायचं एखाद्या बांधावरून किंवा मातीच्या ढिगावरून. त्या बांध आणि फाळक्याच्या मधल्या फटीत पाय जातो, नळी पुढून खरचटते, पट्टीचा खरा उपयोग बरेचदा इथेच होतो. फट आधी फळी आणि गोणपाटाने बुजवा, पट्टीवर भरवसा ठेवून फट तशीच ठेवायची नाही. गाडीत खाली वाळू किंवा रबर मॅट आणि वर पेंढा. घसरणाऱ्या पत्र्यावर कितीही चांगली पट्टी असली तरी घोडा पडणारच.

घाटात घोडा सारखं वजन पुढे-मागे करत असतो, खंडाळ्याच्या उतारावर ड्रायव्हरने एकेक ब्रेक दाबला की चारी पाय ताठ करून उभा राहतो, पाय थकतात ते याने. म्हणून ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा, ब्रेक हळू, वळण हळू, मागे जनावर उभं आहे. हे सांगणं कुठल्याही पट्टीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

लांबच्या रस्त्याला, समजा सोलापुराकडून सारंगखेड्याला, दर तीन-चार तासांनी सावलीत थांबा. पाणी दाखवा, म्होरकी सैल करून मान खाली घालू द्या, घोडा तासन्‌तास मान वर बांधून उभा राहिला की छातीत कफ साठतो आणि प्रवासानंतर न्यूमोनिया होतो. मग पट्ट्या बघा, गाडी थांबलेली असताना आणि कोणीतरी घोडा धरलेला असताना. सुटलेली, घसरलेली पट्टी गाडीत धोक्याची, घोडा तिच्यावर पाय देतो आणि स्वतःलाच खेचून पाडतो. एक सैल दिसली तर त्या अडचणीत परत बांधायचा प्रयत्न करू नका, काढून टाका. दुपारच्या उन्हात पॅड आत घामाने भिजलं असेल तरीही काढा. चालत्या गाडीत घोड्याच्या पायाशी कोणी वाकायचं नाही, कितीही ओळखीचा घोडा असला तरी.

शेपटीला पण पट्टी लागते, घोडा मागच्या दांडीला टेकून उभा राहिला की शेपटीचं मूळ सोलवटतं. ती मात्र हलक्या हाताने, शेपटीच्या हाडाच्या लांबीएवढीच, आणि पोचल्याबरोबर काढायची, शेपटीला आवळलेली पट्टी रात्रभर राहिली तर केस झडतात आणि त्याहून वाईटही होतं.

चढवताना आधी मागची दांडी, मग डोकं बांधायचं. उतरवताना उलटं, आधी डोकं सोडायचं, मगच दांडी आणि फाळका. डोकं बांधलेलं असताना मागे मोकळं दिसलं की घोडा मागे ओढ घेतो, आणि तिथे पायाच्या पट्टीचा काही उपयोग नाही.

उतरल्यावर प्रवासाच्या पट्ट्या लगेच सोडा. सोडताना पायाशीच नीट रोल करत बसायचं नाही, भराभर या हातातून त्या हातात गोळा करत काढायची. कात्री लागलीच तर बाहेरच्या बाजूने पॅडवरून, मागे नसेवरून कधीच नाही. मग तळहाताने पाय खालून वर चोळा, १५-२० मिनिटं हळू फिरवा, गार पाणी, परत हात फिरवून बघा. रात्री पाय भरतील असं वाटलं तर कोरडं करून आरामाची पट्टी, पण वेगळ्या पॅडवर. प्रवासाच्या पॅडला शेण-मूत लागलेलं असतं, ती परत त्याच रात्री वापरायची नाहीत. साध्या साबणाने धुवा, नीट खळबळून साबण काढा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, आणि गुंडाळून ठेवायच्या आधी हाताने पूर्ण चाचपून घ्या, पेंढ्याचं एखादं कुसळ विणीत अडकलेलं असतंच.